दुमडती पेडलं

"सर, आज पुन्हा तुमचं पेडल लागलं!" समोरच्या हेमलताबाई दारात उभ्या. दोन घरांमधल्या अरुंद पॅसेजमध्ये तोरगलसरांची सायकल असायची आणि जाता-येता बाईंच्या नडगीला पेडल लागायचं. तक्रार पाऊण तास चालायची. तेवढ्यात चहा व्हायचा, पेपरातलं शब्दकोडंही पुरं व्हायचं.

या वेळी मात्र बाईंची साडी टरकली. सर ओशाळले आणि सायकल घेऊन थेट सुलेमान मिस्त्रींकडे गेले.

"दुमडती पेडलं बसवतो. कुणाला लागायचं नाव नाही," मिस्त्री म्हणाले. "पण बिजागरीचा माल आहे, सर. चढावर उभं राहून जोर लावायचा नाही. अन् महिन्याभरात कुरकुरणार बघा."

सरांना त्यात फायदाच फायदा दिसला. पेडलं दुमडली, नडग्या वाचल्या. पहिला आठवडा छान शांततेत गेला. दुसऱ्या आठवड्यापासून शब्दकोडं अर्धंच राहू लागलं. हेमलताबाई पॅसेजमधून सुखरूप ये-जा करत होत्या. थांबायला कारणच उरलं नव्हतं. हा तोटा काही मिस्त्रींनी सांगितला नव्हता.

महिन्याभराने पेडलं खरंच कुरकुरायला लागली. सायकल दुकानात ठेवून सर चालत घरी आले. चहाचं आधण ठेवतात तोच दार वाजलं.

"सर, तुमचं पेडल लागलं हो!" हेमलताबाई नडगी चोळत होत्या.

सरांनी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. पॅसेज रिकामा होता.

"फार लागलं का?" असं विचारत सर आधणात आणखी कपभर पाणी घालायला आत वळले.