बिनतुपाचे आठ दिवस

शिवम्मानं लघवीची बाटली उन्हात धरली आणि सासूला हाक मारली. आठ दिवसांमागं ती ताकासारखी पांढरी होती, आज पाण्यासारखी नितळ. गंगम्मानं बाटली हलवून पाहिली, हुंगूनसुद्धा पाहिली. बाई मोठी संशयी.

सुनेचं छातीचं दूध खाली लघवीत उतरतंय, नासलेलं आहे, असं गंगम्मानंच ठरवलं होतं. दीड महिन्याचं पोर उचलून तिनं थोरल्या सुनेच्या, इरम्माच्या पदराखाली दिलं. इरम्मालाही तान्ही लेक होती. मग शिवम्माच्या अंगात ताकद यावी म्हणून तिच्या ताटात दुप्पट तूप सुरू झालं. माया होती, न्हाय कशी म्हणावी.

उमरग्याला हैद्राबादहून आलेल्या डाक्टरनं मात्र तूप ऐकून कपाळाला हात लावला. खाल्लेलं तूप-तेल अंगभर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यातली एक गुर्द्यापाशी फुटलीय, पांढरं दिसतंय ते तूपच, छातीचं दूध चांगलं आहे, तूप-तेल सोडलं की लघवी नितळ होईल, असं त्यानं समजावलं. घरात कुणाला पटलं नाही. शिवम्माला पटलं. आठ दिवस तिनं कोरडी भाकरी मीठ-मिरचीशी खाल्ली, आणि दूध आटू नये म्हणून रोज हातानं पिळून काढलं. ते मातीत ओतताना तिचा जीव तुटायचा.

"आता माझं पोर द्या, आत्याबाई," ती म्हणाली.

गंगम्मानं बाटली खाली ठेवली. इरम्मानं स्वतःच पोर आणून जावेच्या मांडीवर ठेवलं.

पोरानं तोंड फिरवलं. इतक्या दिवसांत त्याला दुसऱ्या अंगाची सवय झाली होती. ते लालबुंद होऊन रडायला लागलं. गंगम्मा घाबरली, राहू दे, इरम्माकडं दे म्हणाली.

"न्हाय. रडू द्या. आज ते माझंच पिणार. म्या इथनं उठत न्हाय."

रडणं ऐकून इरम्माचं लुगडं पुढून दुधानं भिजलं होतं. आपली लेक खांद्यावर टाकून ती, पोराचं रडू ऐकू येणार नाही इतक्या लांब, शेताकडं निघून गेली. गंगम्मानं दार ओढून घेतलं आणि बाहेरच बसली.

दुपार कलली तेव्हा रडणं थांबलं. गंगम्माला राहवलं नाही.

"पितंय का गं?" तिनं हळूच विचारलं.

शिवम्माच्या छातीशी पोराचे गाल हलत होते. तिला आता जरासुद्धा हलायचं नव्हतं.