दोरीला लागलेला हात

मांडवीच्या वाळूत चौघींच्या टीमची फिटनेस स्पर्धा होती. शेवटच्या फेरीत दोरीने वाळूच्या गोणी ओढायच्या होत्या. अर्ध्यातच माझा पाय मुरगळला. माझ्या जागी राखीव खेळाडू उतरली आणि आम्ही जिंकलो.

"मेडल चारच. मधेच बाहेर पडलेल्याला मिळत नाही," आयोजकांनी ठणकावलं.

आमची कॅप्टन हेमाताई, किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या घरातली. तिने गळ्यातलं मेडल काढून टेबलावर आपटलं. मागोमाग बाकी तिघींनीही.

 

"आमच्या रापणीत दोरीला ज्याचा हात लागला, त्याचा वाटा निघतोच, साहेब. पाचवं आणा, नाहीतर ही चारही तुमच्याच गळ्यात घाला!"