नाजूक खांदा

नेब्रास्कातल्या नेमबाजीच्या मैदानावर डेल्मर छऱ्यांची जुनी बंदूक बघायला आला होता, ती म्हणे बायकोसाठी. व्हर्नाचा खांदा नाजूक आहे, तिला बार काढताना बसणारा दणका सोसत नाही, हे त्याने सगळ्या क्लबला सांगून ठेवलं होतं.

"सेमी-ऑटोमॅटिक आहे, अर्धा दणका स्वतःच गिळते," विकणारा लॅम्बर्ट म्हणाला. "व्हर्ना, एक बार काढून बघ."

"आधी मी बघतो. तिला उगीच त्रास नको."

लॅम्बर्टने बंदूक त्याच्या हाती दिली. शेजारच्या जागेवर व्हर्ना आपली नेहमीची बंदूक घेऊन उभी राहिली. मातीची चकती हवेत उडाली. डेल्मरने डोळे गच्च मिटून चाप ओढला, धाडकन आवाज झाला आणि तो दोन पावलं मागे गेला. डोळे उघडले तर चकतीचा पार भुगा!

"नेम झकास आहे," खांदा चोळत तो म्हणाला, "पण दणका अजून जास्तच. व्हर्नाला नाही झेपायचा."

लॅम्बर्टने मूठ उघडली. "गड्या, तुझं काडतूस अजून माझ्याच हातात आहे."

"घेऊन टाक रे ही," आपल्या बंदुकीतलं काडतुसाचं गरम टरफल काढत व्हर्ना म्हणाली, "बायकोसाठी."