शेवटच्या ओळीतलं नाव

सात वाजता मतदान संपलं. ऑर्विल बीनने पेटीचं कुलूप काढलं आणि त्रेसष्ट मतपत्रिका टेबलावर ओतल्या. गावाची पद्धत जुनी होती: टाउन क्लार्कने मतपत्रिका मोठ्याने वाचायची, समोर बसून ऑर्विलने रेघा ओढायच्या, आणि ज्याला बघायचं असेल त्याने दोरीपलीकडे उभं राहून बघायचं.

क्लार्क होती अर्लीन हॉइट. गेली एकोणीस वर्षं तीच.

दोरीला लागून कोलेट मोरिसेट उभी होती. लाल कोट, केस नुकतेच कापलेले. सदतीस गावांच्या मतदारसंघातून ती न्यू हॅम्पशायर राज्याच्या सिनेटसाठी उभी होती, आणि सदतीस गावांच्या रस्त्यांवर तिचं नाव निळ्या पाट्यांवर होतं.

"शेरिफ," अर्लीनने वाचलं आणि ती थांबली. त्या पदासाठी छापलेली नावं सोडून कोणीतरी खालच्या रिकाम्या ओळीत पेनाने लिहिलं होतं. "डचेस."

सगळा हॉल हसला. डचेस ही ऑर्विलची कुत्री.

"हे धरायचं?" शेगडीजवळून कोणीतरी विचारलं.

"धरायचं," ऑर्विल म्हणाला. "हाताने लिहिलेलं प्रत्येक नाव वाचायचं आणि नोंदवायचं. पाय किती ते कायदा विचारत नाही."

"आणि ती तुमच्यापेक्षा बरी भुंकते हो, ऑर्विल!" कोलेट म्हणाली. लोक पुन्हा हसले, आधीपेक्षा जास्त.

गावाला असं हसवायला ती इथेच शिकली होती. दहा वर्षांपूर्वी ती अर्लीनच्या खिडकीशी कुत्र्याचा परवाना काढायला आली होती. "हॉइटबाई, हे कुठे भरायचं?" कर कधी भरायचा, गावसभेत कधी उठायचं, कोणासमोर कोणाच्या भावाचं नाव काढायचं नाही, सगळं अर्लीननेच तिला सांगितलं. गेल्या मार्चमध्ये पक्षाचे दोघे जण अर्लीनच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसले आणि या जागेसाठी गावातून कोण बरं, असं त्यांनी विचारलं. चारचौघांत बोलावं तसं अर्लीन बोलली. "कोलेट मोरिसेट आहे की." मग ते "आणि तुम्ही?" म्हणतील म्हणून थांबली.

त्यांनी मोरिसेटचं स्पेलिंग विचारलं.

तेव्हापासून कोलेट तिला अर्लीन म्हणायची. आज सकाळी दहा वाजता ती टेबलावरच्या मंडळींसाठी डोनट घेऊन आली आणि तिने अर्लीनच्या खांद्यावर हात ठेवला. "अर्लीन, तू आहेस म्हणून हे गाव चालतं गं." पाचच मिनिटांनी अर्लीन स्वतःची मतपत्रिका घेऊन पडद्याआड गेली होती. दुपारपर्यंत तिला ती परत हवीशी झाली. पण पेटीत पडलेली मतपत्रिका परत मिळत नाही, हे गावाला तीच सांगत आली होती.

एक्कावन्नावी मतपत्रिका तिने उलगडली आणि 'एच'ची शेपटी ओळखली. खाली जाऊन वर वळलेली, फासा मारल्यासारखी. गावातल्या प्रत्येक गाडीच्या कागदावर, प्रत्येक लग्नाच्या दाखल्यावर ती शेपटी होती.

ऑर्विलला कागदाची पाठच दिसत होती. दोरीपलीकडून तर काहीच दिसत नव्हतं. 'कोरी' एवढाच शब्द उच्चारायचा होता. पण एकोणीस वर्षांत तिने एकही मतपत्रिका चुकीची वाचली नव्हती. सख्खा भाऊ एका मताने पडला, ते मतही तिनेच वाचलं होतं.

ऑर्विलची पेन्सिल थांबून राहिली.

"सिनेट," ती म्हणाली. "अर्लीन हॉइट."

ऑर्विलने रेघ ओढली. मग टाळ्या पडल्या.

"अगं बाई, कोण गं हा चाहता?"

"अर्लीन, डचेसशी बरोबरी झाली बघ तुझी!"

कोलेट दोरीवरून वाकली. तिचा चेहरा फुलला होता. "बघ, मी म्हणत नव्हते? मी स्वतः उभी नसते ना, तर माझंही मत तुलाच होतं."

ती मनापासून बोलत होती. अर्लीनला ते दिसलं, आणि तिने पुढची मतपत्रिका उचलली.

उरलेल्या बाराही मतपत्रिका तिने त्याच आवाजात वाचल्या. कोलेटला चव्वेचाळीस, समोरच्याला अठरा. लोक कोलेटभोवती जमले, कोणी तिचा लाल कोट धरून तिला मिठी मारली. ऑर्विलने दारावर लावायचा निकालाचा तक्ता अर्लीनपुढे सरकवला.

"तुम्हीच लिहा आज," ती म्हणाली.

"छे. माझं अक्षर मलाच लागत नाही. तुझं सगळ्या गावाला पाठ आहे."

तिने कोलेटचं नाव लिहिलं, एकाला एक जोडलेल्या गोल अक्षरांत, नेहमीसारखं. त्याखाली दुसऱ्या उमेदवाराचं. तिसऱ्या ओळीवर पेन थांबलं. तिने ते बोटांत जरा वेगळं धरलं आणि पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर सुटं, उभं, शेपटीशिवाय काढलं. पुढे एकचा आकडा लिहिला.

ऑर्विलने चष्मा लावला. रेघा आणि तक्ता दोनदा ताडून पाहिला. एक्कावन्नावी मतपत्रिका गठ्ठ्यातून काढली, थोडा वेळ पाहिली आणि होती तिथेच परत सरकवली. मग त्याने खाली सही केली.

"आकडे बरोबर आहेत," तो हळूच म्हणाला. "फक्त शेवटचं नाव दुसऱ्याच कोणी लिहिल्यासारखं वाटतं."