हामानचं नाव

"हा मेला हामान एस्तेरला गुलाब देतोय?" नाट्यगृहात दुसऱ्या रांगेतून शेगुलामावशी एवढ्या जोरात कडाडली की पुढचे वळून बघायला लागले.

या नाटकाच्या दिग्दर्शकाला तिनेच अलिबागेत, आमच्या यहुद्यांच्या प्रार्थनागृहाच्या, सिनेगॉगच्या अंगणात, एस्तेर राणीचं अख्खं कीर्तन गाऊन दाखवलं होतं. सगळ्या यहुद्यांना कापायला निघालेला वजीर हामान आणि त्यांना वाचवायला राणीने धरलेला तीन दिवसांचा कडक उपास. आमच्यात पुरीमच्या सणाला ही कथा वाचतात. हामानचं नाव आलं की लहानथोर पाय आपटतात, ते नाव कानावर पडूच द्यायचं नाही म्हणून.

मध्यंतरात मावशीने दिग्दर्शकाला गाठलं. "राणीचा उपास कुठे गेला?"

"मावशी, उपासाला टाळ्या पडत नाहीत, प्रेमाला पडतात," तो हसत म्हणाला. "शेवटी तुमचे आभार मानतोय ना!"

मावशी जागेवर जाऊन बसली. पडदा पडल्यावर निवेदक माईकवर आला. "ज्यांनी ही कथा जिवंत केली, ते आपले लाडके दिग्दर्शक..."

मावशीने दोन्ही पाय दणादणा आपटायला घेतले. मागच्या तीन रांगा आमच्याच माणसांनी भरलेल्या होत्या.

त्याचं नाव कुणालाच ऐकू आलं नाही.