चिमूटभर बी

"ही कसली गं तपकीर? ना झणका, ना शिंक!" अण्णांनी डबी पुन्हा नाकाशी नेली.

खिडकीत मिठाईच्या डब्यात ओली माती थोपटणारी शैला वळली आणि पांढरीफटक पडली. "अण्णा! ती तपकीर नव्हे, आईच्या बेगोनियाचं बी! उडेल म्हणून तुमच्याच रिकाम्या डबीत ठेवलं होतं मी."

अण्णांचा हात नाकाशीच थिजला. डबीत बोट फिरवलं, तर तळ कोरडा ठणठणीत. माणूस गेलं, मागोमाग उन्हाळ्यात झाडही गेलं. शेवटच्या बोंडातलं, धुळीहून बारीक एवढंच बी मागं उरलं होतं, आणि ते सगळं आपण नाकात ओढलं! श्वास सोडायचीही त्यांना भीती वाटू लागली.

"माझी खरी डबी आण," नाक चिमटीत धरून ते कसंबसं म्हणाले, "आणि तो मातीचा डबा तोंडापुढं धर."

"अण्णा, काहीतरीच काय!"

"धर म्हणतो ना, पोरी!"

त्यांनी तपकीर ओढली. डोळे भरले, मिशा थरथरल्या आणि भांडी हादरतील अशी शिंक आली. ओल्या मातीवर तपकिरी कण विखुरले.

शैला कितीतरी वेळ वाकून बघत राहिली. "यात बी कुठलं आणि तपकीर कुठली, काहीच कळत नाही हो."

"नको निवडू." अण्णांनी मिशाही डब्यावर झटकल्या. "जन्मभर सोसली तिनं माझी तपकीर. उगवेपर्यंत आणखी सोसेल. माती नको टाकूस वर, नुसतं झाकण लाव."