साडेचारचं विमान

"विमानातून कळतं?" मटिल्डा टीचरनी चष्मा कपाळावर सरकवला. "केबलची चोरी?"

"कळतं," फ्रेडरिक ठामपणे म्हणाला. "वायर सोलून जोड मारला की तिथून सिग्नल गळतो. वर विमानात यंत्र असतं, ते टिपतं. अमेरिकेत सर्रास चालतं हे."

"आणि ते विमान आपल्या उमेळ्याला येणार?"

"रविवारी. साडेचारला."

टीचरनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं होतं. त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. पडद्यावर मुंग्याच मुंग्या धावत होत्या आणि त्यांच्यामागे कुठेतरी नायिका रडत होती.

"विमान येवो न येवो, एक तारखेपर्यंत चित्र सुधारलं नाही तर माझी वायर काढून ने. बावखलापलीकडच्या पाचही घरांचं हेच म्हणणं आहे."

फ्रेडरिक चरफडतच बाहेर पडला. अठ्ठ्याऐंशी साल होतं. कंपनीतली कायमची नोकरी सोडून त्याने गावात पहिली केबल आणली होती, आणि गावाने तेव्हा त्याला वेड्यात काढलं होतं. चर्चजवळच्या खोलीत व्हिडिओ. तिथून वायर माडांवरून शाळेकडे, शाळेवरून त्याच्या स्वतःच्या घरी, आणि पुढे बावखलाचं तळं ओलांडून त्या पाच घरांत. शाळेपर्यंत चित्र लख्ख. बावखलाच्या पलीकडे मुंग्या. आठवडाभर तो बावखलापासून शेवटच्या घरापर्यंत एकेक माड चढला होता. हाताची सालटी निघाली, चोर काही सापडला नाही. ही पाच घरं गेली तर मागोमाग बाकीची जाणार, आणि त्याला पुन्हा कंपनीच्या गेटवर हात जोडून उभं राहावं लागणार. ते तो मेला तरी करणार नव्हता.

विमानाची गोष्ट त्याने सलूनमधल्या जुन्या मासिकात वाचली होती. अमेरिकेतलं खरं-खोटं देव जाणे. उमेळ्यावरून रविवारी जाणारं विमान मात्र रोजचंच होतं, मुंबईत सहार विमानतळावर उतरायला निघालेलं, पोटात नुसते प्रवासी भरलेलं. हे गुपित त्याने फक्त बायकोला सांगितलं.

"पण चोर घाबरून वायरच काढून टाकेल," रिटा म्हणाली. "मग सापडणार कसा?"

"नाही काढणार. त्याला मी पळवाट ठेवलीय. पॉलिनच्या कानात सांगितलं, कौलांवर तांब्याचं भांडं उपडं घातलं की विमानातलं यंत्र आंधळं होतं. वर म्हटलं, कुणाला बोलू नकोस."

"म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर."

"दुपारपर्यंत. रविवारी मी घंटाघरावर चढतो. ज्याच्या कौलांवर भांडं, तो चोर. त्याच संध्याकाळी पडद्यावर त्याचं नाव वाचणार."

रोज पिक्चर लावण्याआधी फ्रेडरिक लग्नाच्या शूटिंगच्या जुन्या कॅमेऱ्यासमोर बसून पाच मिनिटं गावच्या सूचना वाचायचा. कुणाची शेळी हरवली, चर्चमध्ये नोव्हेनाची प्रार्थना किती वाजता, रॉकेल कधी येणार. पिक्चर चुकला तरी चालेल, पण त्या सूचना चुकवायच्या नाहीत, असं गावात झालं होतं.

रिटाचा भाकरी थापणारा हात थांबला. "चोर कुणीही असला तरी नाव घेणार?"

"कुणीही असला तरी. अगदी फादर असले तरी."

"शब्द?"

"शब्द."

तिने भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "मिशी काढलीत ती आईंना आवडली नाही. तोंड उतरल्यासारखं दिसतं म्हणाल्या."

"तिकडचं मला काही सांगू नकोस."

तिकडचं म्हणजे केळींच्या मागचं, थोरल्या ॲन्सेल्मचं घर. केबल ओढायच्या वेळी ॲन्सेल्मने आपल्या माडांना खिळा मारू दिला नव्हता. दोघा भावांची हमरीतुमरी झाली, वाटण्या झाल्या. आई आणि तिचा न्हाणीचा तांब्याचा हंडा ॲन्सेल्मकडे गेला. त्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, अशी शपथ फ्रेडरिकने दोन वर्षं पाळली होती. गेल्या पावसाळ्यात त्याची आई सालोमी घसरून पडली, खाटेला खिळली, तरी तो गेला नाही. रिटा तेवढी पेज घेऊन जायची.

शनिवारी पॉलिनने त्याला रस्त्यात गाठलं. "फ्रेडी, ॲल्युमिनियमचं चालल काय रे?"

"तुला कशाला? तुझं तर रीतसर कनेक्शन आहे."

"माझ्यासाठी नाय रे बाबा. लोकं विचारतात, मी काय सांगनार?"

फ्रेडरिक मनातून सुखावला. जाळं बरोबर पडलं होतं.

रविवारी सव्वाचारला फादरांकडून किल्ली घेऊन तो घंटाघरावर चढला. सगळं उमेळं खाली पसरलेलं. त्याने आधी टीचरचं घर बघितलं. कौलं मोकळी. बावखलापलीकडची उरलेली चार घरं बघितली. मोकळी. पॉलिनचंही मोकळं. मग श्वास रोखून त्याने ॲन्सेल्मच्या कौलांवर नजर टाकली. तीही मोकळी होती, आणि त्याला चक्क वाईट वाटलं.

उत्तरेकडून घरघर सुरू झाली. माणसं भराभर अंगणात आली, माना वर करून, डोळ्यांवर हात धरून. ॲन्सेल्मसुद्धा वाडीत फावडं टाकून वर बघायला लागला.

तेवढ्यात खाली काहीतरी लखलखलं. फ्रेडरिक कठड्यावरून वाकला.

बावखलाच्या अलीकडे, त्याच्या स्वतःच्या घराच्या कौलांवर, तांब्याचा हंडा उपडा घातलेला होता. घासून लख्ख केलेला. त्याच्या काठाचा पोचा इतक्या लांबूनही त्याने ओळखला. लहानपणी तो त्यानेच पाडला होता आणि त्यासाठी आईचा मार खाल्ला होता. हंड्याखालून एक काळी वायर निघून केळींमधून मागे गेली होती, थेट ॲन्सेल्मच्या त्या खिडकीत, जिच्या आत आईची खाट होती.

विमान डोक्यावरून गेलं. सगळं गाव विमानाकडे बघत होतं. अंगणात उभी असलेली रिटा एकटी घंटाघराकडे बघत होती.